राजोद्याने, प्रबोधनकालीन (फ्रान्स)

राजोद्याने, प्रबोधनकालीन (फ्रान्स) : पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत फ्रेंच राजघराण्याने आपल्या प्रासादांभोवती घडवलेली रचनाबद्ध उद्याने. आंब्वाज, ब्ल्वा, फाँतेनब्लो, त्विलरी आणि सँ-झेर्मँ-आं-ले ही त्यांतली प्रमुख. मूळ स्वरूपात यांपैकी एकही आज उरलेले नाही. अभ्यासकांची भिस्त मुख्यतः वास्तुविशारद व खोदचित्रकार झाक आंद्रुए द्यु सेर्सो याच्या १५७६ व १५७९ साली प्रसिद्ध झालेल्या खोदचित्रांवर आहे. मात्र योजलेली पण पूर्ण न झालेली बांधकामेही तो पूर्ण झाल्यासारखी दाखवतो, म्हणून या चित्रांना पुरावा मानताना हात राखावा लागतो.

उगमाचा प्रश्न वादग्रस्त आहे. जुन्या मतानुसार फ्रान्समधील प्रबोधनकालीन उद्यान आठव्या चार्ल्सच्या इटलीवरील स्वारीतून (१४९४–९५) जन्मले. नेपल्स जिंकल्यावर राजाने तेथील पोज्जोरेआले हा आरागोन घराण्याचा उद्यानप्रासाद पाहिला. मार्च १४९५ मधील एका पत्रात तो लिहितो की, या बागांत फक्त आदम आणि हव्वा यांचीच उणीव आहे, एरवी हा भूलोकीचा स्वर्गच. परतताना त्याने वीसेक इटालियन कारागीर आंब्वाजला आणले. पाचेल्लो दा मेर्कोल्यानो हा नेपल्सकडील धर्मगुरू व उद्यानतज्ज्ञ त्यांतलाच. लुआर नदीवरच्या उंच तटबंदीत आखलेले आंब्वाजचे उद्यान त्याचे मानले जाते. एप्रिल १४९८ मध्ये चार्ल्स मरण पावला, तेव्हा काम कितपत पुढे गेले होते हे कागदपत्रांवरून नीट ठरत नाही.

दुसरे मत असे, की भूमी आधीच तयार होती. आंजूचा ड्यूक रने (मृत्यू १४८०) याला बागांचा मोठा शौक होता; आर्त्वा प्रांतातील एदँच्या उपवनात तेराव्या शतकाच्या अखेरीसच यांत्रिक करमणुकीची साधने होती; आणि आंब्वाजच्या किल्ल्याची पुनर्बांधणी स्वारीपूर्वीच सुरू झाली होती. हे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्ल्वाचे उदाहरण त्याला बळ देते. बाराव्या लुईसाठी पाचेल्लोने तेथे साधारण १५०० पासून तीन पायऱ्यांवर, म्हणजे उतारावरच्या सपाट टप्प्यांवर, बागा मांडल्या. लाकडी जाळीचे मंडप, संगमरवरी कारंजे, कुंड्यांतील संत्र्याची झाडे असा साजशृंगार इटालियन. पण बागा आणि प्रासाद यांच्यामध्ये घळ होती, पुलावरून जावे लागे आणि दोहोंचा अक्ष जुळत नव्हता. म्हणजे सजावट आली, रचनेचे तत्त्व आले नाही. (लुईने १५०५ मध्ये पाचेल्लोला आंब्वाजजवळची शातो-गायार ही मालमत्ता दिली. वार्षिक खंड म्हणून संत्र्याच्या फुलांचा एक गुच्छ ठरला होता.)

इमारत आणि बाग एकाच आराखड्यात बांधण्याचे श्रेय सहसा वास्तुविशारद फिलिबेर द लोर्म याच्या आने येथील कामाला (१५४७ नंतर) दिले जाते. आने हे दुसऱ्या हेन्रीची प्रेयसी दियान द प्वात्ये हिचे, म्हणून काटेकोर अर्थाने राजोद्यान नव्हे. पहिल्या फ्रान्सिसने १५२८ पासून वाढवलेल्या फाँतेनब्लोत तलाव, बागा आणि पाइन वृक्षांच्या नावाची कृत्रिम गुहा होती, पण तिथे एकसूत्री आराखडा दिसत नाही. दुसऱ्या हेन्रीची विधवा राणी कातरीन द मेदिचीने १५६४ मध्ये सुरू केलेल्या त्विलरीत चौकोनांची शिस्त आहे, तरी प्रासाद व बाग यांच्यामधून रस्ता जात असे. तिथल्या भाजक्या मातीच्या कामाने सजवायच्या गुहेसाठी कुंभकार बेर्नार पालिसीने काम केले.

वाफ्यांच्या रचनेतला बदल चौथ्या हेन्रीच्या काळातला. माळी क्लोद मोले याच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाप्रमाणे (१६५२), इटलीहून परतलेल्या वास्तुविशारद एत्येन द्युपेराकने १५८२ च्या सुमारास आनेत सुटे चौकोन मोडून संपूर्ण ताटवा एकच नक्षी मानायला शिकवले. वाफ्यांच्या कडांना पूर्वी सुगंधी झुडपे लावत. ती उन्हाने व थंडीने जळत आणि वारंवार बदलावी लागत. मोलेने त्याऐवजी बॉक्स हे सदाहरित झुडूप रूढ केले. त्याआधी थोरामोठ्यांना ते बागेत नको असे, हेही तोच सांगतो. भरतकामासारखे दिसणारे पार्तेर (नक्षीदार सपाट ताटवे) यातून घडले. मोलेच्या या कथनात आत्मप्रौढी आहे हे उघड असले, तरी त्याच्या तोडीचा दुसरा साक्षीदार नाही.

सँ-झेर्मँच्या नव्या प्रासादाखाली सेन नदीकडे उतरत्या पायऱ्यांवर फ्रान्चिनी बंधू या इटालियन जलतंत्रज्ञांनी जलशक्तीने हलणाऱ्या बाहुल्यांच्या कृत्रिम गुहा बसवल्या. ऑर्गन वाजवणारी स्त्री, ग्रीक पुराणकथांतील ऑर्फियस व पर्सियस अशा बाहुल्या पाण्याच्या दाबावर हलत. राजोद्यानांतील अशाच यंत्रांचे उदाहरण तत्त्वज्ञ देकार्तने मानवी शरीराच्या विवेचनात घेतले आहे. ती सँ-झेर्मँचीच असावीत असे बहुतेक जण मानतात. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर उंच पायऱ्यांची बांधणी ढासळू लागली, आणि १७७७ नंतर प्रासादही पाडला गेला.

फाँतेनब्लोत चौथ्या हेन्रीने १६०६ नंतर खणवलेला सुमारे १.२ किमी. लांबीचा कालवा मात्र टिकून आहे. व्हर्सायच्या महाकालव्याआधीचा हा नमुना साठेक वर्षांनी जुना. त्विलरीची बाग १६६४ पासून उद्यानरचनाकार आंद्रे ल नोत्रने नव्याने आखली. त्याचा आजोबा प्येर त्याच बागेत माळी होता.