ॲरे नेमका संपतो कुठे?

डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या साधनात, प्रोग्राम एखाद्या ओळीवर थांबवायचा, ॲरेचं (एका नावाखाली ओळीने ठेवलेल्या किमतींच्या यादीचं) नाव टाइप करायचं, की त्यातल्या सगळ्या किमती समोर येतात. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात काही अवघड असेल असं वाटतच नाही. पण मेमरीत ॲरे म्हणजे एकामागोमाग ठेवलेले नुसते बाइट. 'इथे संपला' अशी खूण तिथे नसते. मग डीबगर बरोबर जागी थांबतो कसा?

त्याला कंपायलरने, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामने, आधीच सांगून ठेवलेलं असतं. 'ड्वार्फ' नावाच्या ठरावीक मांडणीत कंपायलर लिहून ठेवतो: घटक ४ बाइटचे, खालची सीमा (पहिल्या घटकाचा क्रमांक) ०, वरची (शेवटच्या घटकाचा) ९. वरच्या सीमेतून खालची वजा करून १ मिळवला की घटक १०.

खालची सीमा ० असेलच असं मात्र नाही. सी भाषेत ती ० असते. फोर्ट्रानमध्ये काही सांगितलं नाही तर १, आणि हवं तर -३ ते ५ असाही ॲरे करता येतो. घटक ४ बाइटचे असतील, तर या ॲरेतला ० क्रमांकाचा घटक सुरुवातीपासून १२ बाइट पुढे असतो, कारण त्याच्या आधी तीन घटक आहेत. डीबगरने खालची सीमा ० धरली तर तो थेट पहिल्या बाइटवर जाईल आणि तिथली संख्या दाखवेल. एररही येणार नाही. चूक शोधायला उघडलेल्या साधनानेच अशी बेमालूम चूक करावी, यापेक्षा वाईट काही नाही.

शिवाय प्रत्येक सीमा ही तयार संख्या नसते. सी भाषेच्या १९९९ च्या मानकाने ॲरेची लांबी प्रोग्राम चालताना ठरवायची सोय दिली. अशा वेळी ड्वार्फमध्ये सीमा कशी काढायची याची कृती लिहिलेली असते, किंवा ती कुठे सापडेल याचा पत्ता. आणि कधी सीमा माहीतच नसते, उदाहरणार्थ स्ट्रक्चरच्या (वेगवेगळ्या किमतींच्या एकत्र गठ्ठ्याच्या) शेवटी लांबी न देता ठेवलेला ॲरे.

संख्या एकीकडे आणि 'माहीत नाही' ही खूण दुसरीकडे ठेवली, की गोंधळ सुरू होतो. छपाईचा कोड, इंडेक्सचा कोड, आकार मोजणारा कोड, सगळे आपापली वजाबाकी करतात. त्यातला एक जरी खूण तपासायला विसरला, तरी अर्थ नसलेली संख्या सीमा म्हणून वापरली जाते. खालची सीमा ० असलेल्या रिकाम्या ॲरेची वरची सीमा -१ असते. ती ३२ बिटांची बिनचिन्हाची संख्या म्हणून वाचली तर होते ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे रिकाम्या ॲरेत चार अब्जांहून जास्त घटक! काही कंपायलर ही सीमा संदिग्ध रूपात लिहितात, म्हणून जीडीबी या डीबगरचा कोड ती मुद्दाम चिन्हासह वाचतो.

यावर जीडीबीतला उपाय मला फार आवडतो. सीमा ही एकच वस्तू, आणि आपण कोणत्या प्रकारची आहोत हे ती स्वतः जवळ बाळगते: स्थिर, अज्ञात किंवा काढायची. आधी प्रकार विचारायचा. स्थिर नसलेल्या सीमेकडे स्थिर संख्या मागितली, तर कोड तिथल्या तिथे तक्रार करतो.

काढायच्या सीमा एकाच ठिकाणी सोडवल्या जातात. समजा एका फंक्शनने स्वतःलाच पुन्हा हाक मारली. पहिल्या वेळी लांबी ८ होती, दुसऱ्या वेळी ५. स्टॅकवर, म्हणजे मेमरीत जिथे प्रत्येक हाकेला स्वतःची जागा (फ्रेम) मिळते तिथे, दोन्ही ॲरे एकाच वेळी जिवंत आहेत, दोघांचा टाइप एकच, लांबी वेगळी. म्हणून मूळ टाइपला हात न लावता त्याची प्रत काढतात आणि त्या फ्रेमपुरती खरी संख्या तिच्यात भरतात. पुढच्या कोडला कृती दिसतच नाही. संख्या आहे की नाही, एवढंच त्याला पाहायचं असतं.

नसेल, तर वापरणारा स्वतः सांगू शकतो. पहिल्या घटकापुढे @ चिन्ह आणि १० लिहिलं, की जीडीबी तिथून १० घटक छापतो.