आयरिशमधलं चाळीस आणि विसांचा घोळ

आयरिश, म्हणजे आयर्लंडची स्वतःची भाषा, शिकणारा एकदा तरी चाळीसवर अडकतोच. शाळेच्या पुस्तकात तीस, पन्नास, साठ सगळं दहाच्या हिशोबात आणि मधेच हा 'डाहद', जो मुळात 'दोन वीस' आहे, बोलून बोलून झिजून एकच शब्द झालेला.

तसं हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या आयरिशमधे तीस ते नव्वद सगळ्यांना दहाच्या हिशोबातलेच शब्द होते, चाळीसला पण. पुढे लोकांच्या तोंडी विसांनी मोजणं बसलं, तीन वीस म्हणजे साठ, चार वीस म्हणजे ऐंशी, पन्नासला सरळ 'अर्धा शंभर'. (आपल्याकडे पाच विसा शंभर म्हणायचे, तोच प्रकार.) मग 1922 ला आयर्लंडचं स्वतंत्र राज्य आलं, आयरिश शाळेत सक्तीची झाली, आणि पुस्तकवाल्यांनी दहाची जुनी गणती परत आणली, फक्त चाळीस तेवढं विसातलंच ठेवलं, आणि 1958 च्या प्रमाण व्याकरणानंतरही ते तसंच चालू आहे. आता म्हणाल तो शब्द लोकांच्या तोंडात होता, बरोबर आहे, पण मग तीन वीस आणि चार वीस पण होतेच की! जुना शब्द हाताशी असून असा अर्धवट कारभार का केला हे मला तरी पटत नाही.

बरं नुसता आकडा येऊन भागत नाही. मांजर म्हणजे 'कात', तीन मांजरं 'त्री खात', सात मांजरं 'शाख्त गात', म्हणजे आकड्यामागे पहिलं अक्षर बदलतं आणि शब्द एकवचनीच राहतो. तेवीस मांजरं जुन्या पद्धतीने 'तीन मांजर आणि वीस', मांजर मधे अडकलेलं. माणसं मोजायला वेगळेच शब्द, आपल्या दोघं-तिघं-चौघंसारखे, पण ते दहापर्यंत जातात, आणि सात जणांना एक जुना शब्द आहे ज्याचा अर्थ 'मोठे सहाजण'. आणि एका डोळ्याच्या माणसाला 'अर्ध्या डोळ्याचा' म्हणतात कारण जोडी म्हणजे एक आणि त्यातला एक म्हणजे अर्धा, हे मला भारी आवडतं.

शाळेत एक गणती आणि घरी म्हाताऱ्यांची दुसरी, त्यात 1971 ला पैसेही दशमान झाले, वीसचा एक पौंड होणारे शिलिंग गेले. आज जिथे घरी आयरिश बोलतात त्या पश्चिमेकडच्या गावांतही गप्पा आयरिशमधे चालू असतात आणि फोन नंबर सांगायची वेळ आली की बरेच जण सरळ इंग्लिश आकड्यांवर येतात.