ट्विन-टर्बो की ट्विन-स्क्रोल? व्ही इंजिनातल्या धुराची वाट

परवा वाशीत ओळखीच्या एका गृहस्थांसोबत जुनी व्ही-८ गाडी बघायला गेलो होतो. विकणाऱ्याने बॉनेट उघडून सांगितलं, "ट्विन-स्क्रोल आहे साहेब, म्हणजे दोन टर्बो." त्या 'म्हणजे'साठी हे लिहितोय, कारण ही गल्लत चांगल्या मेकॅनिकांच्या तोंडूनही ऐकलेली आहे.

टर्बो म्हणजे सिलेंडरांतून निघणाऱ्या जळक्या वायूच्या जोरावर टर्बाइन नावाचं चाक फिरवून इंजिनात जास्त हवा ढकलणारं यंत्र. ट्विन-टर्बो म्हणजे टर्बोच दोन. ट्विन-स्क्रोल म्हणजे एकाच टर्बोच्या टर्बाइनकडे जाणाऱ्या वाटा दोन, मधे पक्की भिंत. टर्बो उतरवला की लगेच कळतं: मॅनिफोल्डला (सिलेंडरांचा जळका वायू गोळा करणाऱ्या पाइपांना) बसणाऱ्या तोंडात एक भोक दिसलं तर साधा, पडद्याने वेगळी केलेली दोन दिसली तर ट्विन-स्क्रोल.

भिंत कशाला? ठाणे स्टेशनच्या जिन्यावर संध्याकाळी उभे राहा. एका लोकलची गर्दी अजून चढतेय आणि तेवढ्यात शेजारी दुसरी लोकल रिकामी झाली, तर दोन्ही तुंबतात. दुसरा जिना असला की मोकळं. क्रँक म्हणजे पिस्टनांनी फिरणारा दांडा; त्याच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे 720 अंशांत, प्रत्येक सिलेंडरचा एक झोत येतो. सिलेंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारी झडप, क्रँकच्या साधारण 240 अंशांपर्यंत उघडा असतो. तो मिटायच्या आत त्याच पाइपात दुसऱ्या सिलेंडरचा झोत घुसला, तर पहिल्यातला जळका वायू पुरता बाहेर पडत नाही आणि पिकअप मार खातो. म्हणून 1-3-4-2 या क्रमाने पेटणाऱ्या, एका ओळीतल्या चार सिलेंडरांत 1 आणि 4 एका वाटेने, 2 आणि 3 दुसऱ्या वाटेने जातात. टर्बो मात्र एकच.

व्ही इंजिनात सिलेंडरांच्या दोन बँका, म्हणजे व्ही आकारात तिरक्या उभ्या दोन ओळी. प्रत्येक बँकेला तिचा टर्बो दिला की पाइप आखूड राहतात, त्यामुळे तिथे दोन टर्बो सोयीचे. पण ते सक्तीचे नाहीत. रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-३डी या डिझेल लोकोमोटिव्हच्या इंजिनात सोळा सिलेंडरांची व्ही आहे, टर्बो एकच. व्ही-६ मध्ये प्रश्न फारसा येतच नाही: एका बँकेत तीन सिलेंडर, दर 240 अंशांनी एक झोत. जेमतेम, पण निभतं.

खरी मेख व्ही-८ ची. बीएमडब्ल्यूच्या व्ही-८ चा फायरिंग क्रम 1-5-4-8-6-3-7-2 आहे. एका बँकेत 1 ते 4, दुसरीत 5 ते 8. एकूण झोत दर 90 अंशांनी समान येतात, बँकेत मात्र नाही. 8 नंतर लगेच 6, दोन्ही एकाच बँकेचे. तसंच 2 नंतर 1. म्हणजे बँकेनुसार दोन टर्बो लावले तरी जिन्यावर गर्दी आहेच. टर्बो दोन झाले म्हणून झोत वेगळे झाले, असं होत नाही.

आता त्याच क्रमात 360 अंश लांबच्या जोड्या पाडा: 1-6, 5-3, 4-7, 8-2. प्रत्येक जोडीत एक सिलेंडर या बँकेचा, एक त्या बँकेचा! मला ही जुळणी फार सुंदर वाटते. चार जोड्या, चार वाटा, म्हणजे दोन टर्बो आणि दोन्ही ट्विन-स्क्रोल. पण त्यासाठी पाइप एका बँकेतून दुसरीकडे न्यावे लागतात आणि बाहेरच्या बाजूने ते लांबलचक होतात.

बीएमडब्ल्यूने 2008 मध्ये एन६३ या 4.4 लिटर इंजिनात एक्झॉस्ट आतल्या बाजूला वळवून टर्बो व्हीच्या खोबणीतच बसवले. वर्षभरात आलेल्या एस६३ मध्ये त्याच खोबणीत मॅनिफोल्ड आडवे-तिडवे ओवून या जोड्या साधल्या. एन६३ चेही टर्बो दोनच होते, फरक वाटांचा.

याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. मे महिन्यात घोडबंदर रोडवर गाडी अडकली की खोबणीतली धग बॉनेटखालीच राहते; तिथले रबरी पाइप, वायरी, सील आधी कडक होतात. म्हणून अशी गाडी घेताना मी वरचं कव्हर काढून त्यांना बोटाने दाबून बघतो. गाडी बंद केल्यावर काही वेळ पंखा किंवा पाण्याचा पंप चालू राहिला तर घाबरू नका, टर्बो थंड होत असतो.

वाशीच्या गाडीत टर्बो दोन होते. तोंडात पडदा आहे का, ते टर्बो उतरवल्याशिवाय दिसणार नव्हतं. गृहस्थांना इंजिन नंबरवरून आधी खात्री करा म्हटलं.