वाळूउपसा आणि पाणीउपसा: विहिरीची पातळी नेमकी कशाने उतरते?

वाळूच्या खाणीशेजारच्या विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठू लागल्या, की गावात ‘उपशाने पाणी गेले’ असे सर्रास म्हटले जाते. मराठीत वाळू काढण्यालाही उपसा म्हणतात आणि पाणी काढण्यालाही. भूजलावर मात्र या दोन उपशांचे परिणाम अगदी वेगळे होतात, आणि त्यांतला कोणता चालू आहे हे ओळखल्याशिवाय केलेला उपाय बहुधा वाया जातो.

काठावरच्या जुन्या गाळाच्या थरांतून वाळू-गोटे काढताना खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला, तर तो कोरडा ठेवण्यासाठी पंप लावतात. मग पंपाभोवतीची भूजलपातळी नरसाळ्यासारखी खचते, खड्ड्यालगत जास्त आणि दूरवर कमी. पंप थांबल्यावर पातळी हळूहळू भरून येते, कारण पाणी धरणारा थर खड्ड्याबाहेर शाबूत असतो. म्हणून येथे पंपालाच शिस्त लावावी लागते: टप्प्याटप्प्याने खणावे, उपसलेले पाणी मीटरने मोजावे आणि ते नाल्यात सोडून न देता, गाळ खाली बसवून, विहिरींच्या बाजूच्या चरांत पुन्हा जिरवावे. गढूळ पाणी तसेच सोडले, तर चराचा तळ लिंपला जातो आणि पाणी मुरणेच थांबते.

नदीपात्रातल्या वाळूउपशात असा पंप नसला तरी हानी अधिक खोल असते, कारण तेथे पाणी साठवणारे भांडेच उचलून नेले जाते. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग बेसाल्टचा आहे. भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात झिजलेल्या बेसाल्टमधून त्याच्या घनफळाच्या सुमारे 2 टक्के, तर वाळूच्या गाळातून सुमारे 16 टक्के पाणी मिळते असे धरतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, अर्थात सुमारे 2.83 घनमीटर. या हिशेबाने पाण्याने भरलेल्या थरातली एक ब्रास वाळू गेली, की साधारण 450 लिटर पाण्याची जागा जाते, आणि ती जागा एरवी दर पावसाळ्यात पुन्हा भरली असती. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात झिरा खणून पाणी भरणाऱ्या घरांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवण्याची गरज नाही.

दुसरे नुकसान पात्र खोल गेल्याने होते. काठावरचे भूजल नदीकडे वाहत असते आणि नदीची पातळी हा त्या प्रवाहाचा उंबरठा असतो. पात्र दोन मीटर खाली गेले, तर उंबरठाही खाली जातो आणि काठालगतच्या विहिरी नव्या पातळीपर्यंत रित्या होत जातात. पात्राची धूप वरच्या अंगालाही सरकत असल्याने, जेथे कधी फावडे लागले नाही अशा गावालाही झळ पोहोचू शकते. सक्शन पंपाने काढलेल्या वाळूबाबत तर गोंधळ आणखी वाढतो. त्यातले पाणी बरेचसे नदीत परत पडते आणि वाळू ट्रकमधून निघून जाते, तरीही तक्रार मात्र पाण्याच्या पंपाची म्हणून नोंदवली जाते.

फरक ओळखायचा तो निरीक्षण विहिरींच्या नोंदींतून. पातळी पंपाच्या वेळापत्रकानुसार खाली-वर होत असेल, तर कारण पाणीउपसा. पाऊस पुरेसा पडूनही आणि शेतीचा उपसा न वाढताही दर मे महिन्यातली पातळी आधीच्या मेपेक्षा खाली जात असेल, तर पात्राकडे पाहावे. एकाच मोसमाच्या नोंदीवर निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते; पावसाची तूट दोन्ही उपशांसारखीच दिसू शकते.

वाळूउपशाला पुनर्भरण चर हा उपाय नव्हे, कारण पाणी धरायला थरच उरलेला नसतो. तेथे खोलीच आवरावी लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नदीपात्रातल्या खोदकामाला 3 मीटरची मर्यादा घातली आहे, पण जेथे वाळूचा थरच तेवढा जाड नसेल तेथे ती मर्यादा पाळूनही खडक उघडा पडेल. म्हणून उपशाची परवानगी देण्याआधी वाळूच्या थराची जाडी आणि उन्हाळ्यातली भूजलपातळी मोजावी, त्या पातळीच्या वर वाळूचा थर राखावा, आणि पुलासारख्या न हलणाऱ्या खुणेपासून पात्राची उंची दरवर्षी पावसाळ्याआधी व नंतर नोंदवावी.