शिडाच्या बोटीवरचा हिशेब: पाणी, वीज आणि झोप

कॅनरी बेटांवरून निघून अटलांटिक ओलांडायचा आणि कॅरिबियन बेटं गाठायची, तर साधारण 2,700 सागरी मैलांचा पल्ला आहे. एक सागरी मैल म्हणजे 1,852 मीटर. बारा मीटर लांबीची शिडाची बोट बऱ्या वाऱ्यात ताशी पाच-सहा सागरी मैल जाते, म्हणजे दिवसाला 120 ते 140. एकूण तीन आठवडे. तेवढ्या काळात बाहेरून मिळतं ते फक्त ऊन, वारा आणि खारं पाणी. प्यायचं पाणी, वीज आणि माणसांची झोप या तिन्हींची सोय त्यातूनच करायची असते. हे पांघरूण तोकडंच असतं: डोकं झाकलं की पाय उघडे पडतात.

सुरुवात पाण्यापासून. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. आपलं मूत्रपिंड मात्र लिटरभर लघवीतून साधारण 20 ग्रॅमच मीठ बाहेर टाकू शकतं. म्हणजे लिटरभर खारं पाणी प्यायलं, तर त्यातलं मीठ काढायला पावणेदोन लिटर पाणी खर्ची पडतं. वरचं पाऊण लिटर शरीर स्वतःतून देतं. तहान भागत नाही, उलट वाढते.

म्हणून निघण्याआधीचा साधा हिशेब माणशी रोज चार लिटर, पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून. दोन माणसं, 21 दिवस: 168 लिटर. वारा पडला तर प्रवास लांबतो, म्हणून त्यात निम्मी भर घालून 250 लिटर धरायचे. हे पाणी एकाच टाकीत ठेवू नये. टाकीला चीर गेली किंवा झाकणातून खारं पाणी शिरलं, तर सगळंच जातं. दोन वेगळ्या टाक्या आणि शिवाय वीस लिटरचे काही कॅन हवेत. कॅन गळ्यापर्यंत भरायचे नाहीत. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के हलकं असतं. थोडी हवा राहू दिली, तर बोट सोडायची वेळ आली तरी कॅन नीट तरंगतो.

भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी पेलाभर गोड्या पाण्याने विसळतात. बटाटे उकडताना एक भाग समुद्राचं आणि दोन भाग गोडं पाणी घेतलं की वेगळं मीठ लागत नाही. कपड्यांना मात्र ही काटकसर लावू नये. मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं. हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठही पाझरू लागतं, आणि समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून आधी. खाऱ्या पाण्यात धुतलेली चादर दुपारी कडक वाळते आणि रात्री पुन्हा दमट होते. त्या ओलीवर रोज झोपलं की अंगावर पुरळ उठतं, फोड येतात.

आता बऱ्याच बोटींवर खारं पाणी गोडं करणारं यंत्र असतं. तत्त्व घरातल्या आरओ फिल्टरचंच. पाणी जाऊ देणाऱ्या पण मीठ अडवणाऱ्या पडद्याच्या एका बाजूला खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला गोडं असलं, तर पाणी आपणहून खाऱ्याकडे जातं. हा ओढा उलटवायला समुद्राच्या पाण्याच्या बाबतीत 27 बारपेक्षा (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेइतका दाब) जास्त दाब लागतो. प्रत्यक्षात यंत्र 55 ते 60 बारवर चालतं. आत घेतलेल्या दहा लिटरांतलं एक लिटर गोडं होऊन मिळतं, उरलेलं नऊ लिटर जास्त खारट होऊन समुद्रात परत जातं. खरी मेख इथे आहे. दहा लिटर पाण्यावर 60 बार दाब चढवायला जवळपास 17 वॉट-तास ऊर्जा लागते, पंपातली गळती वेगळीच. त्यातला नऊ दशांश दाब परत जाणाऱ्या पाण्याबरोबर वाया जातो. नव्या यंत्रांत हे परतीचं पाणी दट्ट्याच्या मागे सोडतात. त्याचा दाब आत येणाऱ्या पाण्याला ढकलतो आणि लिटरचा खर्च चार वॉट-तासांच्या आसपास येतो.

ही यंत्रं बिघडतात ती बहुतेक वेळा ठरावीक कारणांनी. बोट एका बाजूला कलून चालली आणि पाणी खेचणारं तोंड वर आलं, की पंपात हवा शिरते. दाबाचा काटा थरथरू लागतो, पाण्याची धार तुटते. म्हणून हे तोंड बोटीच्या तळाशी, मध्यरेषेजवळ असावं. दुसरं, पडदा पॉलिअमाइडचा असतो आणि क्लोरीन त्याची वाट लावतं. बंदरातल्या नळाचं पाणी धुण्यासाठी आत सोडायचं, तर आधी कोळशाच्या फिल्टरमधून काढावंच लागतं. तेलाचा तवंग असलेल्या बंदरात यंत्र सुरूच करू नये. तिसरं कारण म्हणजे आळस. यंत्र खारं पाणी तसंच ठेवून चार-पाच दिवस बंद राहिलं, की आत अडकलेले सूक्ष्मजीव मरून कुजतात, सडक्या अंड्यांचा वास येतो आणि पडद्यावर बुळबुळीत थर धरतो. दर वापरानंतर दहा-पंधरा लिटर गोडं पाणी आतून फिरवलं की हे टळतं. आणि सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी टाकून द्यायचं, मीटरवर क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या खाली आल्यावरच नळी टाकीत सोडायची. ही शिस्त मोडली तर भरलेली टाकीही खारावते.

यंत्र वीज खातं म्हणून बरेच जण ते घ्यायला कचरतात. आकडे वेगळंच सांगतात. रोज वीस लिटर पाणी केलं तर 80 वॉट-तास, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून सात अँपिअर-तास. याउलट सुकाणू धरणारा विजेवरचा ऑटोपायलट सरासरी चार अँपिअर ओढतो: दिवसाला 96 अँपिअर-तास. फ्रिजचे 50 धरा. रेडिओ, जीपीएस आणि इतर उपकरणांचे 36, एलईडी दिव्यांचे चार-पाच. बेरीज 190च्या पुढे जाते. बॅटरी रिकामी होते ती सुकाणू आणि फ्रिज यांच्यापायी. पाणी त्यामानाने स्वस्त आहे.

भरपाईला चारशे वॉटचे सोलर पॅनल असले, तर बोटीवर त्यांतून दिवसाला चार तासांच्या पूर्ण उन्हाइतकी वीज धरावी, साधारण 130 अँपिअर-तास. जास्त धरणं धोक्याचं. पॅनल बहुधा मागच्या बाजूला असतात. व्यापारी वाऱ्यांबरोबर, म्हणजे या भागात पूर्वेकडून सतत वाहणाऱ्या वाऱ्यांबरोबर, पश्चिमेला जाताना सकाळचं ऊन पाठीमागून छान मिळतं, पण दुपारनंतर सूर्य समोर जातो आणि शिडांची सावली पॅनलवर पडते. पॅनलमधले घट एकामागोमाग जोडलेले असल्यामुळे थोड्याशा सावलीनेही पॅनलचा मोठा भाग निकामी होतो. शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याच्या खाली उतरवल्या की त्यांचं आयुष्य घटतं, त्यामुळे 400 अँपिअर-तासांच्या संचातून वापरायचे 200च. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीतून 80 टक्के घेता येतात. पण ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते, आणि इंजिनवर फिरून वीज करणारा साधा अल्टरनेटर त्यात तापून जळू शकतो.

रोजची साठ अँपिअर-तासांची ही तूट भरायला डिझेल इंजिन चालवता येतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे विजेशिवाय सुकाणू धरणं, आणि तो जुनाच आहे. 1960 साली अटलांटिकच्या पहिल्या एकट्याच्या शर्यतीत ब्लाँडी हॅस्लर यांनी स्वतः बनवलेल्या वाऱ्याच्या पात्यावर बोट हाकली आणि 48 दिवसांत दुसरा क्रमांक मिळवला.

या यंत्रणेच्या आज सर्रास दिसणाऱ्या प्रकारात मागच्या कठड्यावर प्लायवुडचं पातळ पातं वाऱ्याला कड दाखवत उभं असतं. बोट मार्गावरून वळली की वारा पात्याच्या अंगावर येतो आणि ते आडवं होतं. त्याला जोडलेला दांडा पाण्यातल्या अरुंद वल्ह्याला किंचित पीळ देतो. इथून पुढचं काम पाणी करतं. धावत्या बोटीखालून जाणारं पाणी त्या पीळलेल्या वल्ह्याला जोराने बाजूला रेटतं, वल्ह्याचे दोर सुकाणूचा दांडा ओढतात, बोट परत वळते आणि पातं सरळ होतं. बोटांनी हलवता येईल एवढ्या हलक्या पात्याच्या इशाऱ्यावर कित्येक टनांची बोट चालते. वीज शून्य.

त्याला मर्यादा आहेत. मागून 12 नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा आणि बोटीचा वेग 6 नॉट, तर पात्याला उरतो 6 नॉटचा वारा. वेग निम्मा झाला की जोर चौथाई होतो, आणि पातं सुस्तावतं. शिवाय ते दिशा धरतं वाऱ्याशी, होकायंत्राशी नाही. रात्रीत वारा वीस अंश फिरला तर बोटही गुपचूप तेवढीच फिरते. शीड प्रमाणाबाहेर मोठं ठेवून बोट सारखी वाऱ्याकडे ओढ घेत असेल, तर पात्याला दोष देऊ नये. आधी शीड आखूड करावं.

सुकाणूवरून माणूस सुटला की त्याला झोपता येतं, पण पहारा सुटत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतला पाचवा नियम सतत नजर ठेवायला सांगतो. ‘वीस मिनिटांची डुलकी चालते’ असं एकट्याने जाणारे सर्रास म्हणतात. हिशेब करून पाहा. समोरून 18 नॉटने येणारं जहाज आणि आपली 6 नॉटची बोट वीस मिनिटांत एकमेकांच्या आठ सागरी मैल जवळ येतात. मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा सहा मैलांवरून दिसावा एवढीच नियमाची अट आहे. म्हणजे डोळा लागला तेव्हा अंधार होता आणि जाग येण्याआधीच जहाज येऊन गेलं, असं सहज घडू शकतं. म्हणून जहाजांची जागा आणि वेग दाखवणारं एआयएस यंत्र गजरासह चालू ठेवणं ही चैन नाही. ते अर्धा-पाऊण अँपिअरसुद्धा घेत नाही. तरीही ते सगळं पाहत नाही: मासेमारीच्या लहान होड्या, तरंगते ओंडके त्यात येत नाहीत.

दोघं असतील तर रात्री चार-चार तासांच्या पाळ्या आम्हाला तीन तासांच्या पाळ्यांपेक्षा बऱ्या वाटतात. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं, चार तासांत दोन पुरी होतात. पाळीवर येणाऱ्याला पंधरा मिनिटं आधी उठवावं आणि आत लाल दिवाच लावावा. पांढऱ्या उजेडाने दिपलेले डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात. बिछाना बोटीच्या मध्यावर, खालच्या बाजूला असावा. तिथे हेलकावा सर्वांत कमी.

आणि रोज उजाडल्यावर डेकवर एक फेरी मारायची, घर्षण शोधत. दर आठ सेकंदांनी एक लाट धरली तर दिवसाला 10,800 हेलकावे होतात, तीन आठवड्यांत सव्वादोन लाख. शीड वर ओढून धरणारा दोर डोलकाठीच्या टोकाच्या कप्पीवर तितक्या वेळा, त्याच दोन बोटं जागेवर घासला जातो. आधी दोराचं वरचं आवरण मऊ केसाळ दिसू लागतं, मग आतला गाभा उघडा पडतो, आणि एखाद्या रात्री शीड पाण्यात. रोज हा दोर चार-पाच सेंटिमीटर सोडावा किंवा ओढावा, म्हणजे झीज एका जागी साचत नाही. फेरीत डेकवर एखादी पिन किंवा नट पडलेला सापडला, तर तो खिशात टाकून पुढे जाऊ नये. दुर्बीण घेऊन डोलकाठी आणि तिला धरणाऱ्या तारांचा एकेक जोड वरपर्यंत पाहावा, आणि तो तुकडा कुठून सुटला हे कळेपर्यंत त्या बाजूच्या तारांवरचा ताण कमी ठेवावा.