डोंगरी कॅरिबू लांडग्यांनी संपवले? अर्धंच खरं

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातले डोंगरी कॅरिबू (म्हणजे रेनडिअर) लांडग्यांनी फस्त केले, माणसाचा त्यात हात नाही, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. लांडगे त्यांना मारतात, हे खरंच. पण लांडगे त्यांच्यापर्यंत पोचले कसे?

हा प्राणी भर हिवाळ्यात मुद्दाम उंचावर जातो. दोन-तीन मीटर बर्फ साचला की पसरट खुरांवर तो वर तोलून राहतो आणि जुन्या झाडांवरून लोंबणारं दगडफूल थेट तोंडाशी येतं. (हो, आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच भावकीतलं.) लांडगा मात्र त्या भुसभुशीत बर्फात पोटापर्यंत रुततो.

जुनं जंगल तोडलं की कोवळी झुडपं उगवतात, त्यामागे मूस (धिप्पाड जातीचं हरीण) आणि इतर हरणं येतात, त्यांच्यामागे लांडगे. त्यात स्नोमोबाईलने (बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीने) दाबून दिलेली वाट म्हणजे आयता डांबरी रस्ताच! शिवाय इंजिनाच्या आवाजाने कळप चांगली जागा सोडून जातो. म्हणून काही भागांत स्नोमोबाईलला बंदी आहे.

सरकार लांडगे मारतंही. त्याने थोडा वेळ मिळतो. पण फांद्यांवर पोटभर दगडफूल चढायला जंगलाला शंभरेक वर्षं लागतात. दक्षिण सेलकर्क डोंगररांगेतल्या कळपात २०१८ साली तीन माद्या उरल्या होत्या. शेवटची जानेवारी २०१९मध्ये पकडून रेव्हलस्टोक गावाजवळच्या कुंपणात हलवली.