केमोथेरपी घेणाऱ्या मुलांमधील जीवाणुसंसर्ग

कर्करोगावर केमोथेरपी चालू असताना मुलांना होणारे जीवाणूंचे आजार. केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यात कर्कपेशींबरोबर रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जाही (हाडांच्या आतला मगज) सापडते आणि जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घटतात. वॉर्डात याला ‘काउंट पडणे’ म्हणतात. एका मायक्रोलिटर रक्तात त्या ५००पेक्षा कमी झाल्या की धोका मोठा, १००च्या खाली गेल्या तर फारच मोठा. बऱ्याच औषधांनंतर साधारण ७ ते १४ दिवसांनी काउंट तळाला जातो. नेमके तेव्हा मूल बहुधा सुट्टी होऊन गावी आलेले असते.

जंतू बहुतेक वेळा मुलाच्या अंगातलेच असतात. आतड्याचे अस्तर सोलवटते, तोंड येते, औषधासाठी शिरेत बसवलेली नळी (लाईन) किंवा कातडीखालची छोटी डबी (पोर्ट) असते. तिथून ते रक्तात उतरतात. भारतात ई. कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास हे ग्रॅम-निगेटिव्ह गटातले जीवाणू जास्त सापडतात. ते काही तासांत रक्तदाब पाडू शकतात. पेशीच नसल्याने पू धरत नाही, लाली-सूज येत नाही, छातीचा एक्स-रेसुद्धा स्वच्छ दिसू शकतो. पुष्कळदा ताप हेच एकमेव लक्षण असते. कधी तेही नसते, पोर नुसते मलूल पडते आणि हातपाय गार लागतात.

मराठवाड्यात इथेच घात होतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीपार असतो. अंग तापले की ‘ऊन लागलं असेल’ म्हणून पॅरासिटामॉलचे सिरप पाजतात आणि सकाळची वाट पाहतात. ताप उतरतो, जंतू वाढतच राहतात. म्हणून घरात थर्मामीटर हवाच. १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक ताप दिसला की ती तातडीची वेळ समजावी, मध्यरात्र असली तरी. तापमान काखेत मोजावे, गुदद्वारात कधीच नाही. एनिमाही देऊ नये. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना कमरेत इंजेक्शन घेतले तर आत रक्तस्राव होऊ शकतो, हे गावातल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असा दंडक आहे. रक्त कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) आधी घ्यावे, पण त्यापायी डोस लांबवू नये. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिमने सुरुवात होते; जंतू दाद देत नसतील तर मेरोपेनेम, कोलिस्टिन या राखीव प्रतिजैविकांपर्यंत जावे लागते. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय किनवट-हिंगोलीकडच्या कुटुंबांना कित्येक तासांच्या वाटेवर आहे. त्यामुळे जवळच्या जिल्हा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पहिला डोस घेऊन पुढे जाणे हाच शहाणपणा. सोबत केमोची फाईल हवी. शेवटची केमो कधी झाली हे पाहून तिथले डॉक्टर वेळ दवडत नाहीत.

प्रतिबंधात हात धुण्याला तोड नाही. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरातही मुलाचे पिण्याचे पाणी उकळून वेगळे झाकून ठेवावे, त्यात हात न बुडवता ओगराळ्याने घ्यावे. अन्न ताजे, गरम असावे. लाईनची पट्टी भिजली तर ती तशीच ठेवू नये, त्याच दिवशी बदलून घ्यावी.